तुमच्या पेडलची नोंद

नाना, तुमच्या पेडलवर कोणीतरी ऑनलाइन विश्वकोशात नोंद लिहिली आहे, आणि ती ठेवावी की वगळावी यावर तिथे चर्चा चालू आहे. नोंदीत त्याला ‘गिटारचा इफेक्ट पेडल’ म्हटलं आहे. वाद्याचा आवाज बदलणाऱ्या तुमच्या बहुतेक डब्यांनी गिटार कधी पाहिलीच नाही. लग्नाच्या बँडच्या गाडीवर बेंजोवाला मांडी घालून बसायचा आणि पायाने दाबायचं बटण तळहाताने दाबायचा. पुढे लिहिलं आहे, ‘जळगावच्या एका मेकॅनिकने स्वतः रचलेला’. त्याला आधार दिलेला नाही. नोंद टिकायची तर कोणा त्रयस्थाने लिहिलेला, छापून आलेला मजकूर लागतो. तिघांनी वगळा म्हटलं आहे. ठेवा म्हणणारा एकच, ज्याने ती लिहिली तो.

परवा त्याचाच फोन आला. नरडाण्याकडचा बेंजोवाला. नंबर कुठून मिळाला, हे मी आधी विचारलं. मग विचारलं, यात तुम्हाला काय मिळणार? “काय भेटनार, ताई? मनाकडे एक डबा शे. आजून वाजस.” जुने डबे महाग विकायचे असतील, असं मला वाटलं. अजूनही थोडं वाटतं. तुमच्या दुकानात एकदा पेपरवाला आला होता असं त्याने ऐकलं होतं. काही छापून आलं होतं का? मी नाही म्हणाले. “तुम्ही म्हणतस ते नसीन,” असं म्हणून त्याने ते मान्य केलं.

छापून आलं होतं. तुम्ही गेल्यावर कात्रण मला दुकानाच्या खणात सापडलं. तो पेपरवाला आला तेव्हा मी बारा वर्षांची. तुम्ही उघड्या डब्यावर टॉवेल टाकता. तो म्हणतो, “आतलं दाखवलं नाही तर बातमी काय लिहू, नाना?” तुम्ही म्हणता, “आतलं दखाडं ते मी काय इकू?” तरी त्याने चार ओळी लिहिल्या, आणि त्यांत तुमचं वाक्य आहे: बठ्ठं मनं शे, पुढे कंसात ‘सगळं माझं आहे’.

नाना, बठ्ठं तुमचं नव्हतं. आयसी चिपवरचे आकडे पॉलिश पेपरने घासून पुसायचं काम माझं होतं, आणि एकदा मी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा तुम्ही म्हणालात, “वाचू नको, घास.” मग आतलं कोणाला ओळखू येऊ नये म्हणून वरून काळं रेझिन ओतायचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये मी एक डबा तापवून ते रेझिन खरवडलं. एका परदेशी पेडलचं सर्किट, रेझिस्टरला रेझिस्टर तेच. फरक फक्त आत येणाऱ्या तारेवरच्या कपॅसिटरचा, दहापट मोठा. दशांश चिन्ह चुकलं असणार, असं मी वहीत लिहून ठेवलं. म्हणून कात्रण दिलं नाही. ते दिलं असतं तर तुमच्या नावासोबत ‘बठ्ठं मनं शे’ हे वाक्यही नोंदीत गेलं असतं.

पण माझ्या नकारानंतरही तो माणूस बोलत राहिला. कंपनीचा पेडल त्याने लावून पाहिला होता. “गिटारना पेडलमा बेंजो किरकिरस, ताई. नानाना डबामा तो भरी येस.” मी फोन ठेवला आणि गणित केलं. दहापट मोठा कपॅसिटर खालचे सूर आत येऊ देतो. बेंजोला नेमके तेच कमी पडतात. ती चूक असू शकते. नसूही शकते.

लॅबमध्ये डबा उघडला त्याच आठवड्यातल्या रविवारी मी घरी आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात वांगी भाजत होता. मागे न वळता विचारलंत, “काय शिकनी?” मी म्हणाले, काही नाही. त्यानंतर तुम्ही वर्षभर होता, आणि मी जवळपास प्रत्येक रविवारी येत होते. त्या कपॅसिटरबद्दल एक वाक्य विचारायचं होतं. उत्तर मला माहीत आहे असं धरून मी ते विचारलंच नाही. आता ठेवा म्हणावं की वगळा, हे मला ठरवता येत नाही, आणि त्या माणसाशी मी खोटं बोलले, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.