एकटीने राहायचं म्हटलं तर

मंगळवार, संध्याकाळ

आज वर्गात शिकवलं की वसाहतकाळातल्या अमेरिकेत प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाचे लोक लग्न न झालेल्या माणसाला एकटं राहू देत नसत. त्याने कुठल्यातरी कुटुंबात, घरच्या कर्त्याच्या नजरेखाली राहायचं. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, आमच्या सोसायटीतही हेच आहे." सगळे हसले. मीही हसले, पण कसनुसं.

कारण शनिवारी माझगावला भाड्याची खोली पाहायला गेले होते. घरमालकीणबाई चांगल्या होत्या, चहा दिला. मग विचारलं, "मिस्टर कधी येणार बघायला?" लग्न झालेलं नाही म्हटल्यावर त्याच ओशाळल्या. "माझं काही नाही हो, पण कमिटी ऐकत नाही. भावाला घेऊन या." म्हणजे पुन्हा कर्त्याची नजर. अडतीस वर्षांची मी, आणि "विचारते त्याला" म्हणून निघून आले. का?

आज घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, भांडेल. लालबागच्या घरात काय कमी आहे, विचारेल. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना मी लग्नाच्या दिवशीच पाहिलं. माणूस चांगला निघाला, ते नशीब. पण त्याआधी वर्षभर कुठेतरी एकटीने राहावं, असं फार वाटायचं मला. कुणाला बोलले नाही."

मी इतक्या वर्षांत तिला कधी विचारलंच नव्हतं.

"भाऊ कशाला?" ती म्हणाली. "मी येते. मीच सांगते त्या कमिटीला, माझी मुलगी एकटी राहणार आहे म्हणून."