सहीचे कोरे कागद

मंगळ. ६ फेब्रु.
बेचाळीस पेशंट. डॉ. क. नेहमीप्रमाणे काल संध्याकाळीच चहा पिता पिता कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून गेले. शेवटच्या दहा-बारा म्हणजे नुसत्या रेघोट्या. तपासायचं मी, ठरवायचं मी, लिहायचं मी. दवाखान्याच्या पाटीवर नाव त्यांचं. धायरीतल्या बायका मात्र 'सिस्टरचा मंगळवार' म्हणतात. दोन वर्षं जादा शिकून नर्स प्रॅक्टिशनर झाले, ती बहुधा सुवाच्य अक्षरासाठी.

बायजाआजी आल्या. "सिस्टर, उठलं की घेरी येती. परवा न्हाणीत पडले." बसून बीपी ठीक. उभं करून मोजलं, वरचं नव्वद! पिशवी रिकामी करायला लावली. आपल्या दवाखान्याची बीपीची गोळी होतीच, शिवाय बिबवेवाडीच्या खासगी डॉक्टरांची, वेगळ्या नावाची. आतलं औषध एकच. दोन्ही रोज चालू. खासगीवाली बंद, असं सहीच्या कागदावर लिहून दिलं.

शुक्र. ९ फेब्रु.
आजींचा मुलगा तो कागद घेऊन बिबवेवाडीला गेला. ते डॉक्टर भडकले, थेट आमच्या ऑफिसात फोन. हा कागद कुणी लिहिला? डॉ. क. म्हणाले, "अक्षर माझं नाही." खरंच आहे, नाहीच. सहीबद्दल कुणी विचारलं नाही.

मग मला बोलावून, "सिस्टर, सही माझी आणि अक्कल तुमची, असं चालत नाही हो."

तीन वर्षं तसंच चाललंय, असं तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं काय, तर "आजी पडल्या होत्या, सर." सर! अजून संताप होतोय, त्यांचा कमी, माझाच जास्त.

सोम. १२ फेब्रु.
मेमो. 'अधिकारकक्षेबाहेर जाऊन औषध बंद केल्याबद्दल खुलासा करावा.' बुधवारपर्यंत. बंद केलं ते बरोबर की चूक, यावर एक अक्षर नाही. आजी कशा आहेत, हे तर कुणाच्या गावीही नाही.

घरी हे म्हणाले, "मग दुसऱ्याच्या सहीवर लिहायचंच कशाला?" भांडले. नंतर मेथी निवडताना पटलं. त्या सहीच्या आडोशाला मीही निवांत बसलेच की. चाललं होतं तोवर...

मंगळ. १३ फेब्रु.
गठ्ठा आजही हजर. वर चिठ्ठी, 'फक्त जुन्याच गोळ्या.' चोराच्या उलट्या बोंबा.

अकराला आजी. मुलानं दंडाला धरून आणल्या, कपाळाला पट्टी. दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू. मुलगा म्हणतो, "बिबवेवाडीचे मोठे डॉक्टर म्हनले चालू ठेवा. तुमाला अधिकार नाय म्हनं." उभं राहून शहाऐंशी. डॉ. क. यांना तीनदा फोन केला. उचलला नाही.

सवयीनं सहीचा कागद पुढे ओढला, आणि बाजूला सारला. माझ्या वहीचं पान फाडलं. दोन्ही बीपी, दोन्ही गोळ्यांची नावं, औषध एकच असल्यानं खासगीवाली बंद, डॉक्टरांना तीन फोन. खाली माझं नाव, हुद्दा, वेळ, सही. तीन वर्षांत पहिल्यांदा. अक्षर मात्र घाण आलं. फोटो काढून ठेवला.

"ह्याच्यावर डॉक्टरची सही कुठं हाय?"
"नाही. तपासलं मी, सही माझी."
आजी म्हणाल्या, "दे इकडं." पान घडी घालून कनवटीला खोचलं. मुलानं गोळ्यांची पिशवी उचलली.

खुलासा उद्या. 'महोदय' एवढंच लिहून झालंय. त्या पानाची प्रत जोडणार आहे, मग काय व्हायचं ते होवो. जीव अडकलाय तो दुसरीकडेच. आजींना धड दिसत नाही, सकाळच्या गोळ्या तो मुलगाच काढून देतो.