गावंडे सरांचं पुनरागमन

४ जानेवारी
ताहेरभाईंचा फोन! अमरावतीला त्यांचा ऑर्केस्ट्रा आहे, जुन्या सिनेमातल्या गाण्यांचा. पंधरा वर्षं मी त्यात ट्रम्बोन वाजवला, नळी मागेपुढे सरकवून सूर काढायचं पितळी वाद्य. मग त्यांच्या मुलाने, अरीबने, कीबोर्ड घेतला आणि मला फोन येणं हळूहळू बंद झालं. आज म्हणाले, "गावंडे सर, अठराले शो आहे. ट्रम्बोन घेऊन याच." नुसतं 'या' नाही, 'याच'. कीबोर्डला फुप्फुसं नसतात, हे शेवटी त्यांनाही कळलं.
संकल्प : पहाटे पाचला उठणे. प्राणायाम. दोन तास रियाज. कचोरी कायमची बंद.

५ जानेवारी, सकाळी ९
उठलो. ओठांना विश्रांतीही लागते. आजचा रियाज मनातल्या मनात केला.

७ जानेवारी
माळ्यावरून ट्रम्बोन काढला. पेटीवर रागिणीचे कुरड्यांचे डबे. एका कलाकाराची बायको असून! पहिला लांब सूर लावला. ती अंगणातून ओरडली, "अवो, दूधवाला बाजूले सरकला. त्याले वाटलं ट्रक मागं येऊन राहिला."
दुर्लक्ष केलं.

१० जानेवारी
संध्याकाळी क्लास. विद्यार्थी सध्या एकच, जानराव. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. डॉक्टरांनी छातीसाठी फुंकायला सांगितलंय म्हणून येतात. क्वॉलिटी हवी, संख्या नव्हे. आज त्यांचा सूर माझ्यापेक्षा दुप्पट लांब गेला. वर विचारतात, "सर, तुमचा दम मधातच काहून तुटते?" मी सांगितलं, त्याला फ्रेझिंग म्हणतात, सूर मुद्दाम तोडायची कला.
कचोरी एकच खाल्ली. दुसरी जानरावांनी आग्रह केला म्हणून.

१२ जानेवारी
शाळेत वाईट बातमी. रूपाली मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, पुढच्या वर्षी संगीताचे तास कॉम्प्युटरला देणार म्हणतात. एकवीस वर्षं शिकवतोय मी इथे. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत. संगीतात कुणी नाही, पण कुठे कुठे आहेत.
मॅडमना शोचे दोन पास दिले. म्हटलं, आधी ऐका, मग ठरवा.

१४ जानेवारी
ताहेरभाईंना विचारलं, रिहर्सल कधी? म्हणाले, "तुमाले काय रिहर्सल पाहिजे, सर! डायरेक्ट स्टेजवर या." केवढा विश्वास! स्टाफरूममध्ये सांगून टाकलं की माझा सोलो आहे. तसं ते बोलले नाहीत, पण बोलण्यातून कळतं ना.

१८ जानेवारी, दुपार
अमरावतीच्या बसमध्ये. सोबत रागिणी आणि जानराव. ट्रम्बोनची सरकनळी अडकत होती. तिला घालायचं तेल घरी राहिलं. रागिणीच्या पर्समधलं खोबरेल चोपडलं. लोण्यासारखी सरकतेय. अनुभव!

१९ जानेवारी
काल जे घडलं ते लिहायला शब्द नाहीत. तरी लिहितो.
मोकळ्या मैदानात शो, कडाक्याची थंडी. माझा पीस आला. उभा राहिलो आणि पाहतो तर खोबरेल गोठलेलं. नळी जागची हलेना. तरी ट्रम्बोन ओठांना लावला आणि मी फुंकायच्या आधीच सूर निघाला! गोल, भरदार, शेवटपर्यंत न तुटलेला. पब्लिकने वन्स मोअर दिला. एवढ्या वर्षांची साधना असली की सूर माणसाची वाट पाहत नाही.
रूपाली मॅडमनी स्टेजमागे येऊन हात जोडले. संगीताचे तास राहणार! सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनानंतर मी वाजवायचंय. लाइव्ह.
जानराव मात्र विचारत होते, "सर, नळी न हालवता ते कसं जमलं?" अॅडव्हान्स टेक्निक आहे म्हटलं.

२१ जानेवारी
ट्रम्बोनचं कव्हर तिथेच राहिलं म्हणून अरीबला फोन केला. सोलोबद्दल अभिनंदन करशील की नाही, असं गमतीने म्हटलं. तो म्हणाला, "सर, अब्बानं सांगतलं नाई का? ट्रम्बोन मी वाजवत होतो. कीबोर्डवर. तुमचा माईक बंद होता."
माईक का बंद, विचारलं नाही. रागिणीलाही सांगितलं नाही.
संकल्प : पहाटे पाच.

२३ जानेवारी
खरोखर पाचला उठलो. वाजवलं. ओठ सुजला. रागिणीने दूध आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

२६ जानेवारी
मैदानावर सगळी शाळा. संचलनाची धून घेतली. पहिल्या चार ओळी बऱ्या गेल्या. मग दम संपला. फ्रेझिंग नव्हे, दमच. मी थांबलो. मुलांना वाटलं झालं, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाकून नमस्कार केला.
रूपाली मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, अमरावतीला तब्येत छान होती तुमची."

२९ जानेवारी
नवं वेळापत्रक कळलं. सगळे तास कॉम्प्युटरला. संगीत फक्त शनिवारी, शेवटचा तास. शनिवारी मुलं बहुतेक आधीच घरी जातात. तास आहे, हे महत्त्वाचं.
संध्याकाळी ताहेरभाईंचा फोन. पातूरला शो आहे. "सर, वाजवाचं टेन्शन घेऊ नका. फक्त धरून उभं राहाचं. व्हिडिओत लय भारी दिसते ते वाद्य." विचार करून सांगतो म्हटलं. फोन ठेवायच्या आत हो म्हणालो.
मग रागिणीला सगळं सांगितलं, अगदी माईकपासून. ती म्हणाली, "वाजवाचंच नाही, तं जाता काहून?"
मी म्हटलं, उभं राहायलाही कुणीतरी लागतं.
ती उठली आणि कपाटातून माझा कोट काढून इस्त्रीला देऊन आली.