पहिला चमचा कोणी घ्यायचा

प्रिय अर्डिसताई,

लोवेलचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का आणि मांजर औषधाची गोळी गिळायला लागलं का, दोन्ही कळव. मी बरा आहे. जमीन गोठायच्या आत टाक्या उपसून घ्यायची सगळ्या गावाला एकदम आठवण झालीय, त्यामुळे दिवसाला चार-चार फेऱ्या पडतात. (सेप्टिक टँकवाल्याची आठवण लोकांना अशीच येते, काम झालं की विसरतात, आणि ते मला आवडतंही.)

आमच्या चर्चमधल्या प्रकाराबद्दल वर्ना हॉगनने तुला फोन केलाच असेल. पण ती त्या दिवशी गावात नव्हती, म्हणून मुळापासून लिहितो. महिन्याच्या जेवणाला प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा आणि भांड्याच्या कानावर आडनावाची पट्टी चिकटवायची, ही पद्धत तुझ्याकडेही आहे. मायर्ना होती तोवर आम्हा नवरा-बायकोचं भांडं सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं. ती गेल्यापासून दोन वर्षं मी तीच हॉटडिश करतो. तोच खिमा, तीच फरसबी, तेच मश्रूमचं सूप, वर तेच बटाट्याचे तळलेले गोळे, सगळं एकाच भांड्यात भाजलेलं, तिच्या हस्ताक्षरातल्या कागदावरून. आणि भांडं जसं नेतो तसं परत आणतो. लोक वाईट नाहीत गं. रांगेत येतात, वाकून बघतात, "छान झालेली दिसतेय हो, लोवेल!" म्हणतात आणि चमचा शेजारच्या भांड्यात घालतात. सोमवार ते गुरुवार मी एकटा ती खातो. (गंमत म्हणजे टाक्या उपसून आल्यावर त्या हॉटडिशची फरसबी तीस वर्षं मीच मोडायचो. पण पट्टीवरचं अक्षर मायर्नाचं होतं.)

माझा समज असा की मीठ चुकत असेल. तो समज प्रुइटबाईंनी दूर केला. बाई विद्यापीठात मानसशास्त्राच्या डॉक्टर आहेत. माणसाला किळस का येते याचा अभ्यास करतात, आणि घाणीत काम करणारी माणसं शोधत होत्या. मी गेलो. त्यांनी माझ्यासमोर पाकीट फोडून नवाकोरा मोजा काढला, त्यातून कॉफी गाळली आणि प्याल का, असं विचारलं. मी प्यालो आणि साखर मागितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "याआधी एकतीस जण आले, कोणी कपाला हात लावला नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, मोजा नवा आहे." त्या म्हणाल्या, "ते त्यांनाही दिसत होतं." मग मला समजावून सांगितलं, की किळस ही मुळात राखण करणारी आहे. कुजक्या मांसापासून आपल्याला वाचवते. पण थांबायचं कुठे ते तिला कळत नाही. एकदा एखादी वस्तू घाणीशी जोडली गेली की मनात ती कायमची जोडलेली राहते. साबण तिथवर पोचत नाही. वस्तूवरून ती माणसावर जाते, माणसावरून त्याच्या हॉटडिशवर. म्हणजे मीठ बरोबर होतं.

आता माझी चूक. वर्ना लेकीकडे गेली होती, म्हणजे तिचं भांडं येणार नव्हतं. मी हॉटडिश केली आणि भांड्यावर "हॉगन" अशी पट्टी लावली. मायर्नाच्या हातची जुनी पट्टी काढवेना, म्हणून तिच्यावरच चिकटवली. बारा मिनिटांत भांडं साफ! एल्मर सोलीने तीनदा घेतली आणि तळाची खरवड बोटाने पुसून खाल्ली. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो. ताई, दोन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग भांडी धुवायला गेली आणि गरम पाण्यात वर्ना सुटून आली. खाली मायर्ना. "अगं बाई, हे तर लोवेलचं!" असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं आणि सभागृहात चमच्यांचे आवाज थांबले. दोघं नळाकडे गेले. एल्मर पोटावर हात ठेवून म्हणाला, "मी आपली चवीपुरतीच घेतली होती."

मंगळवारी चर्चच्या समितीचा निरोप आला, अगदी गोड शब्दांत. यापुढे मी एवढा त्रास घेऊ नये, कागदी रुमाल आणावेत. (बंद पाकिटातले.) वर्नाचाही फोन आला: "अरे, चाळीस वर्षांत माझं इतकं कौतुक झालं नव्हतं! कृती पाठव." मी म्हटलं, भांडंच पाठवतो की. तर म्हणाली, "नको नको, नुसती कृती."

तेव्हा सगळं ठीक आहे. रुमाल आणणं सोपं काम आहे. मांजराला गोंजार.

तुझा,
लोवेल

ता. क. रुमाल नेणं मला जमणार नाही. एकोणीस तारखेचं जेवण आहे, त्याला मी हॉटडिशच नेणार, माझ्या ट्वेट आडनावाने, मायर्नाच्याच पट्टीखाली. प्रुइटबाईंचा अंदाज असा, की एका माणसाने न बिचकता पहिला चमचा घेतला तर मागच्यांची नाकं सरळ होतात. तो चमचा तू घ्यायला ये. बसथांब्यावर मी न्यायला येईन. ट्रक नाही, गाडी आणीन.

ता. क. २. बाईंच्या कागदावर "कशाचीही किळस नाही" याखाली मी सही केली आहे, ती खोटी आहे. मायर्नाच्या अंत्यविधीला आलीस तेव्हा तू दातांची कवळी माझ्या निळ्या ग्लासात ठेवली होतीस. मी तो सात वेळा उकळत्या पाण्याने धुतला. तरी दोन वर्षं तो वरच्या फळीवर पालथा आहे. एकोणीस तारखेला तोही सोबत आणतो. तू पहिला चमचा घे. मी सगळ्यांसमोर त्यातून दूध पिईन. आणि तुझ्याने नाहीच घेतला गेला, तर रागावणार नाही. तो ग्लास हातात असेल, मला समजेल.