तुटक रेघेचं अंडं

४ ऑगस्ट २००३, शहापूर
ठाण्याहून ऑफिसच्या सरांचा फोन. नीलू पोटात असताना नोकरी सोडली, तरी त्यांचा आवाज ऐकून उभीच राहिले. ग्रंथालयाच्या कामात मी काढलेला पॅटर्न, म्हणजे कुणी कुणाला काय कळवायचं त्याचा साचा, आता पार्सलवाल्यांच्या सॉफ्टवेअरला लावलाय. तिथं पुस्तक परत आलं की थांबलेल्या वाचकांना कळवायचं, इथं गोदामात पार्सल आलं की दुकानदारांना. आकृती तीच, नावं बदलायची. पण निरोप थांबतच नाहीत, त्याच माणसाला परत परत जातात.
"एकदा बघशील?"
बघीन म्हणाले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

५ ऑगस्ट
नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवर सरांचा फॅक्स आला. नीलू कडेवर. बूथवाला कागद फिरवून म्हणाला, "ताई, ह्ये अंडं कसलं काढलंय?"
तुटक रेघेचं अंडं, आत पॅटर्नचं नाव. त्याच्यापासून चौकटींकडे रेघा, रेघेवर भूमिका: कळवणारा, ऐकणारा. चौकटीत, ती भूमिका कोण करणार ते. किती दिवसांनी पाहिलं. तिथंच बाकड्यावर बसले.
गोदामाला दोन्ही रेघा जोडल्यात. ते कळवतं, स्वतःच ऐकतं, ऐकून पुन्हा कळवतं. कसं थांबणार?
सरांना लगेच फोन केला. म्हणाले, "एक दिवस ये. नव्या पोरांना बोर्डावर समजाव."

७ ऑगस्ट
संजय शेणव्याच्या शाळेत शिकवून घरी आला, तेव्हा सांगितलं. "जा की. नीलूचं काय पण?" नीलूच्या बापाचं तेवढंच.
सासूबाई म्हणाल्या, "शेतात निंदणी हाय गो. दिसभर पोर घेऊन बसाय माज्याच्यान नाय व्हायचं."
खरं आहे. रागावू कुणावर?

१० ऑगस्ट, मुरबाड
नीलूला आईकडे ठेवायला आले. आई सहज बोलून गेली, "नोकरीच धर ना परत. पोर माज्याकडं र्‍हाईल. रोज ने-आण नको, शनवारी येत जा."
शनवारी. म्हणजे मधले सगळे दिवस...

११ ऑगस्ट
ऑफिस. मार्करचा तोच जुना वास. अंडं काढलं, गोदामाची एक रेघ पुसली. "गोदाम फक्त कळवणार. ऐकणार दुकानदार."
एका नव्या मुलीनं विचारलं, "बँकेच्या कामाला पण हाच चालेल?"
"चालेल. आधी बघायचं, तिथं कळवणारा कोण, ऐकणारा कोण."
मग बोलतच राहिले. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं.
दुपारनंतर छाती दाटली. ओढणी पुढे घेतली, तरी ओलं दिसायला लागलं. बाथरूममध्ये दूध पिळून टाकलं. नळ सोडून ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.
निघताना सर म्हणाले, "सोमवारपासून ये. जागा आहे." विचार करते म्हटलं.

१२ ऑगस्ट, मुरबाड
रात्र शहापूरला काढून आले. नीलूनं मला बघून आईच्या खांद्यात तोंड लपवलं. मग आली, पण सावकाश.
आई म्हणाली, "व्हईल गो सवय तिला."
हेच ऐकायचं नव्हतं.
शहापूरला न्यायला तिची पिशवी भरली. दुपटी, वाटी-चमचा, टोपडं. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा दोन झबली परत काढून आईच्या कपाटात ठेवली. आईनं बघितलं आणि कपाटात अजून जागा केली.