गाड्यांचं कुंकू

अहो,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. लिहायची वेळच कुठे आली? गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर. आज लिहितेय, कारण काल खंडेनवमीला तुमच्या गाड्यांचं जे झालं ते सांगायला दुसरं कोण आहे मला?

गेल्या दसऱ्याला दुखवटा होता, पत्र्याची पेटी उघडलीच नाही. वैशाखात तुमचं वर्षश्राद्ध झालं. म्हणून काल त्या खेळण्यातल्या, बोटाएवढ्या बिलायती गाड्या बाहेर काढून पाटावर मांडल्या. मॉरिस, हिलमन, ऑस्टिन, ती फुगीर पाठीची व्हॅनगार्ड. तुम्ही मांडायचात तशाच, तोंडं घाटाकडे करून.

पहिली कशी आली, आठवतं? इंजिन निवायला खोपोलीत थांबलेल्या साहेबांचं पोर ती आपल्या ओट्यावर विसरलं. तुम्ही सायकल काढून मागे गेलात, तोवर त्यांची गाडी घाटाला लागलेली. मग कितीतरी दिवस ती खिशात घेऊन फिरलात, पोर परत येईल म्हणून. पोर काही आलं नाही, पण तुम्हाला नाद लागला! मुंबईहून पार्ट आणायला गेलात की पार्टांबरोबर एखादी गाडी यायचीच. शर्यतीची गाडी कुणी दिली तर परत करायचात. "हिच्यात आई कुठं बसंल गं? वळकटी कुठं ठेवायची?" घरच्या माणसांची गाडी असेल तरच ती तुमची.

लोक म्हणायचे, पोरबाळ नाय म्हणून खेळणी जमवतो. मी आत जाऊन रडायची. तुम्ही हसून म्हणायचात, "म्हनू दे की!" खरंच काही वाटत नव्हतं तुम्हाला? एकदा तरी दोघांनी मिळून रडायला हवं होतं हो.

आणि एकदा गिऱ्हाइकाची ऑस्टिन दुरुस्त केलीत आणि ट्रायल म्हणून मला घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत नेलंत. "म्होरं बस की गं!" म्हणालात. मी लाजून मागे बसले, साहेबाच्या बायकोसारखी. सगळा घाट तुमची मान बघत गेले. कसली मेली ती लाज!

या गाड्यांचा बाजारातून आलेला रंग तुम्हाला कधी पटलाच नाही. आपल्या दारात जशी गाडी थांबायची, तशी हातातली छोटी वरून रंगवायचात. डॉक्टरीणबाई कर्जतहून पांढऱ्या मॉरिसमधून यायच्या, म्हणून आपली मॉरिस पांढरी. रंग चौरंगाला लावून उरलेला, आणि ब्रश म्हणजे माझ्या वेणीचे चार केस काडीला बांधलेले! विचारायचंसुद्धा नाही, सरळ कात्री लावायची.

पूजेला फूल तुम्ही वाहायचात, कुंकू मात्र माझ्याकडे. तुमचं बोट लावलं की अख्खं बॉनेट लाल. मी काडीच्या टोकानं टिळे लावायची आणि तुम्ही श्वास रोखून बघायचात.

काल मी कुंकवाची वाटी घेतली, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई आल्या. हळूच म्हणाल्या, "सुमे, तू नको गं लावू. कुंकवाचं काम हाय. मी हाय ना, मी लावते." त्या वाईट नाहीत हो. तुमच्या आजारपणात रात्ररात्र बसल्यात. पण त्या घटकेला असं वाटलं, की तुम्ही दुसऱ्यांदा गेलात. वाटी दिली आणि चुलीपाशी जाऊन बसले.

त्यांनी मनापासून पूजा केली. ओलं कुंकू, अंगठ्यानं दाबून. परत येऊन बघते, तर सगळ्या गाड्यांची तोंडं माखलेली, काचासुद्धा. त्या गेल्यावर मी फडकं घेतलं. निघेना. म्हणून रॉकेलचा बोळा करून मॉरिसवर घासला.

कुंकू निघालं. त्याच्याबरोबर पांढरंही निघालं. खालून हिरवा रंग वर आला, कुठल्या परक्या देशातला, कोरा करकरीत. आधी मला कळलंच नाही. मग बोळ्याकडे बघितलं. तुमच्या हातचा रंग माझ्या मुठीत उतरला होता.

तिथंच थांबले. बाकीच्या गाड्यांना हात लावला नाही. माखलेल्या तशाच पेटीत ठेवल्यात. त्यांच्यावर तुमच्याच वहिनींचं कुंकू, राहू दे. पण ती मॉरिस... अहो, रागावलात का?

आज सकाळी जाऊबाईंकडे गेले आणि सांगून टाकलं, "पुढच्या खंडेनवमीला मीच लावणार. कुणी काय बोलायचं ते बोलू दे." त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "लाव बाई. त्याला तुझ्याच हातचं लागायचं."

तेव्हा हा शब्द तुम्हालाही देते. मी असेपर्यंत तुमच्या गाड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. माझा एखादा टिळा वाकडा जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचीच,
सुमन