घासून नवं केलेलं जुनं कपाट

ती. अक्का,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लाव म्हटलं की लावत नाहीस आणि मग मलाच रडगाणं ऐकवतेस, म्हणून जास्त विचारत नाही. भावोजी मजेत असतील, ते नेहमीच असतात. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे एकमेकांशी बोलत नाही एवढंच.

झालं असं. ह्यांच्या सुतारकामाच्या दुकानातून (तू पाहिलंयस, आमच्या घराखालचं, भुशाने भरलेलं) इतकी वर्षं नुसती प्लायवूडची कपाटं बाहेर पडत होती. मग एक बाई आल्या. त्यांच्याकडे गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात असायची तसल्या थाटाची कपाटांची जोडी होती. निमुळते पाय, दारावर फिकट लाकडाचे तुकडे बसवून केलेला पंखा, कडेने पितळेची तार. त्यातलं एक जळालं. उरलेलं दुकानात आणून ठेवलं आणि म्हणाल्या, ह्याचा जोडीदार करून द्या, जुनं कुठलं ते मलाही कळता कामा नये. हे इतके हरखले की काम करताना शिट्टी वाजवायला लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी ऐकली नव्हती. दोनदा मी कुकर समजून गॅस बंद करायला धावले.

कपाट झालं. हे मुठी आणायला बाजारात गेले आणि मी झाडायला खाली उतरले. बघते तर काय, नव्याकोऱ्या कपाटाच्या कोपऱ्यांत काळं साचलेलं, वर कपाचा गोल डाग, किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे, पायांना कीड लागल्यासारखी भोकं. म्हटलं, ह्यांची नजर गेली, आता गिऱ्हाईक चारचौघांत आमची शोभा करणार. सोड्याचं पाणी केलं, ब्रश घेतला, भोकांत भुसा आणि सरस भरला, वरून पॉलिश फिरवलं. पंखा असा लखलखला की त्यात बघून भांग पाडावा.

हे आले आणि मटकन स्टुलावर बसले. अक्का, ती घाण ह्यांनी केली होती. मुद्दाम. डाग चहाचा, भोकं सुईने एकेक पाडलेली, शेजारच्या जुन्या कपाटाकडे बघून बघून. एवढंच म्हणाले, “ह्याला म्हातारं करायला मला सगळा हिवाळा लागला. तू एका दुपारात तरुण केलंस.”

ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, मिटलं असतं. पण हे गप्प. शिट्टीही बंद. पुन्हा म्हातारं करा म्हटलं की नुसते बघतात आणि प्लायवूड कापायला घेतात. बाई पुढच्या आठवड्यात येणार. तेव्हा मीच कंबर कसली. ती शिट्टी मी परत आणणार म्हणजे आणणार. पण हात साथ देत नाही गं. गरम कप ठेवायला गेले, हाताने आपसूक खाली बशी सरकवली. किल्लीने ओरखडा काढला, तर शुद्धीवर येईपर्यंत त्यावर तेल चोळत होते. जन्मभर पुसत आले, आता डाग पाडायचा कुठून?

असो. तेल लाव.

तुझी धाकटी

ता. क. भावोजींना आठवडाभर इकडे पाठव. माझ्या टेबलावर कप आपटून त्यांनी जे गोल उठवले ते अजून निघालेले नाहीत, शिवाय बोलताना लाकडावर किल्ल्यांचा जुडगा घासायची ती सवय, तेलकट डोकं टेकायची ती सवय. मागच्या खेपेला मी त्यांना बोलले, त्याची माफी मागणार नाही. जे बोलले ते खरंच होतं, म्हणून तर बोलावतेय.

आणखी ता. क. कशासाठी ते सांगू नकोस, नाहीतर माणूस जपून वागेल. म्हणावं, मेहुणीला आठवण येते. जुडगा विसरू देऊ नकोस.

शेवटचं. लवकर पाठव. भावोजी रुसून बसले आणि आले नाहीत, तर ते शेजारचं जुनं कपाट मी घासायला घेते. बराच मळ आहे त्याच्यावर. जोडी तर जमेल.